एकतीस विहिरी

पयलंच सांगून टाकतो, म्हंजी मंग मधी थांबून मला शिव्या द्यायची तकलीफ नको. शिवकन्या माझी पाठची बहीण. दगडाधोंड्याच्या शास्त्रात डॉक्टर व्हायला निघाली व्हती. झाली न्हाई. गावातले लोक म्हणतेत, नशीब. नातलग म्हणतेत, बाईच्या जातीला कशाला पायजे व्हतं. अरे हट्! ती डॉक्टर झाली न्हाई ते माझ्या एका वाक्यामुळं, आन ते वाक्य मी चांगला शुद्धीत बोललेलो हाय.

मी हनुमान. विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात क्षेत्र सहायक. म्हंजी साहेब लोक आन पोरं दगडं बघायला रानात निघाले की गाडीत हातोडे, फिती, नकाशे ठेवायचे, विहिरीत उतरायचं, मापं सांगायची. शहरात राहून भाषा अर्धीमुर्धी धुतली गेली, पण राग आला की गावचीच तोंडात येती. आज ती समदी येणार, सांभाळून घ्या.

आमचं गाव औंढा नागनाथाच्या डोंगराला लागून. आबाकडं, म्हंजी आमच्या बापाकडं, मसाजीकडं, शंभराच्या वर मेंढ्या आन वीस-पंचवीस शेळ्या. जमीन दीड एकर, तीबी निस्ती खडकाची. आमच्या घरात एक रीत व्हती. दिवस मावळला की मेंढ्या जाळीच्या वाड्यात घालायच्या आन दारात उभं राहून एकानं मोजायच्या. मोजून झालं की मोठ्यानं वरडायचं, "एकशे चौदा, मोजणी हनुमानची!" ज्यानं मोजलं त्याचंच नाव. उद्या एक कमी भरली तर त्यानंच डोंगरात हुडकायला जायचं. दुसऱ्यानं मोजलेलं आपल्या नावावर सांगितलं तर आबा पायातलं काढून हाणायचा. लेकराला बोलायला यायच्या आधी आमच्यात हे शिकवतेत.

शिवकन्या शाळेला सुट्टी असली की शेळ्यांमागं यायची. पण तिचं ध्यान शेळ्यांकडं कवाच नसायचं. वगळीच्या, म्हंजी ओढ्याच्या, काठावर उकिडवी बसायची आन कड बघत राहायची. "दादा, हितं काळा दगड, त्याच्याखाली हा लाल पट्टा, त्याच्याखाली पुन्हा काळा. ह्ये कोणी रचलं?" मी म्हणायचो, तुझ्या सासऱ्यानं. ती दगड घेऊन मागं लागायची. आबाला विचारलं तर आबा म्हणायचा, "लाल पट्टा असतो तिथं पाणी थांबतं, पोरी. जितराबाला कळतं, माणसाला कळत न्हाई." ते एक वाक्य तिनं धरून ठेवलं.

ती हिंगोलीच्या कॉलेजात बीएस्सीला व्हती तवा किल्लारीचा भूकंप झाला. त्र्याण्णव साल. आमच्याकडं नुसती भांडी वाजली, पण त्या महिन्यात देशभरातले शास्त्रज्ञ मराठवाड्यात आले. पेपरात रोज फोटो. टोप्या घातलेले, हातात हातोडे. शिवकन्या फोटो बारकाईनं बघायची आन एक दिवस मायला म्हणली, "माय, एवढे मोठे लोक आपल्या जमिनीवर आले, पण त्यातला एकबी आपल्याकडचा न्हाई. आन बाई तर एकबी न्हाई." आमची माय पंचफुलाबाई भाकर थापता थापता म्हणली, "मंग तू व्हय की." मायला काय, तिला वाटलं पोरगी नर्स-बिर्स व्हायचं म्हणून राहिली.

एमएस्सीला विद्यापीठात चौदा पोरं आन ही एकटी. माणिकराव सर तिचे गुरू. वाईट माणूस न्हाई, हे मी आज बी म्हणीन. कवा आवाज चढवून बोलत न्हाईत, सणाला शिपायांना घरी जेवायला बोलावतेत. पण बारा दिवसाच्या रानातल्या शिबिराची वेळ आली तवा त्यांनी तिला बोलावून घेतलं. म्हणले, "शिवकन्या, तू हुशार आहेस. पण चौदा पोरांत एक मुलगी घेऊन जायची म्हणजे जबाबदारी कोण घेणार? तू इथंच बस, पोरांच्या वह्या बघून अहवाल लिही."

ती म्हणली, "सर, मी सहा वर्षाची असल्यापासून डोंगरात हाय."

सर हसले. "अगं, ते शेळ्यांमागं."

झालं! ज्या पोरांना बाभळीचा काटा पायात गेला तर दोन दिवस चालता येत नव्हतं ते रानात गेले, आन जी अनवाणी आख्खा औंढ्याचा डोंगर उतरायची ती पंख्याखाली बसून त्यांच्या वह्या उतरवून राहिली. लेखी परीक्षेत तिचे मार्क समद्यात जास्त. शिबिराचे मार्क समद्यात कमी. शेरा व्हता, "प्रत्यक्ष निरीक्षणाचा अनुभव नाही." ज्यांनी जाऊ दिलं न्हाई त्यांनीच लिहिलं. मी असतो तर कागद टराटरा फाडला असता. तिनं घडी घालून ठेवला.

सत्त्याण्णवला तिनं पीएचडीला नाव घातलं. विषय तिचाच. औंढा, हिंगोली, वसमत या भागातल्या विहिरींच्या कडा बघायच्या, लाल थर किती खोल, पाणी त्याच्या वर का खाली, आन खोदून खोदून विहिरी कोरड्या काहून पडून राहिल्या. डॉक्टर झाली की विभागात शिकवायची जागा मिळणार व्हती. विभागातली पयली बाई. सरांची एकच अट, रानात जाताना सोबत घरचा पुरुष पायजे. आबाचे गुडघे गेले व्हते. मंग राहिलो मी.

माझं लग्न झालेलं. बायको, रुक्माबाई, कमरेवर हात ठेवून म्हणली, "बहिणीच्या मागं दगडं वेचायला चालले, आन मेंढ्या काय मी मोजू?" मी म्हणलं, मोज. आन तिनं मोजल्या बी. संध्याकाळी वाड्याच्या दारात तिचा आवाज घुमायचा, मोजणी रुक्माबाईची. गावात लोक हसले, नंतर सवय झाली.

मला वाटलं व्हतं, नुसतं मागं मागं फिरायचं हाय. पयल्याच आठवड्यात हट्ट्याला ग्यानबाच्या विहिरीवर गेलो. ग्यानबा मोठा कास्तकार, आमच्या मेंढ्या उन्हाळ्यात त्याच्या रानात बसायच्या, त्याच्या हौदावर पाणी प्यायच्या. शिवकन्यानं ओढणी कमरेला बांधली आन पायरीवर पाय ठेवला, तर ग्यानबा खेकसला, "ए पोरी! वर हो. बाईनं विहिरीत उतरायचं नसतं. पाणी बाटतं. पोरगं उतरू दे."

तिनं लई समजावलं. ग्यानबा ऐकंना. जिथं जाईल तिथं तेच. कोणी गोड बोलून, कोणी दगड उचलून. बाई काठावर, गडी आत. मंग आमचं कामच तसं ठरलं. मी फीत घेऊन उतरायचो, ती काठावर पालथी पडून मुंडकं आत घालायची आन वरून विचारायची. "दादा, लाल थर किती परसावर?" परस म्हंजी हात वर करून उभा राहिलेला गडी. "फितीनं सांग! ओला हाय का? नखानं खरवड. भुगा व्हतो का खडा निघतो? त्याच्या वरच्या दगडाला भोकं हायेत का? भोकात पांढरं काई भरलंय का?" एका विहिरीला तास-दीड तास. सुरुवातीला माझ्या डोक्याचं दही व्हायचं. वरून तिचं वरडणं, खाली बेडकं आन पारव्याची घाण. पण हळूहळू मला दिसायला लागलं बघा. दगड दिसायला लागला. तिनं विचारायच्या आधीच मी सांगायला लागलो. दहावी नापास माणूस मी, आन मला शास्त्र येऊन राहिलं व्हतं. त्याची गोडी काई वेगळीच असती, हे कबूल करतो.

वहीत तिनं रकाने पाडले व्हते. गाव, विहीर, खोली, थर. शेवटचा रकाना निरीक्षकाचा. तिथं तिनं प्रत्येक पानावर लिहिलं, हनुमान. मी म्हणलं, "शिवे, तुझं नाव टाक की, परीक्षा तुझी हाय." ती म्हणली, "आत तू उतरला, डोळे तुझे. मोजणी ज्याची त्याचं नाव." आग लागो त्या रीतीला! दुसऱ्या कोणत्याबी घरची पोरगी असती तर बिनधास्त आपलं नाव टाकून मोकळी झाली असती. पण आमच्या घरात वाढलेली ना.

एक दिवस म्हणली, "दादा, तू सांगतो ते बराबर हाय का ह्ये मला डोळ्यानं बघाय पायजे. न्हाई तर ह्ये शास्त्र न्हाई, ऐकीव गोष्ट झाली." किती बघायच्या? म्हणली, आवडीच्या निवडायच्या न्हाईत, दर सातवी. दोनशे बारा विहिरींतल्या तीस निघाल्या, आन शेवटची एक. एकतीस. ज्या गावचा आठवडी बाजार असेल त्या दिवशी दुपारी जायचं. रानात चिटपाखरू नसायचं, समदे बाजारात. मी बांधावर उभा राहून रस्ता बघायचो आन ती उतरायची. माझा आकडा न बघता आपला आकडा घ्यायची. वर आल्यावर जुळवायची. चार ठिकाणी तिनं मला पकडलं. एका विहिरीत मी हातभर चुकलो व्हतो. "घाई केली तू," म्हणली, आन केलीच व्हती.

या एकतीस पानांवर बी नाव माझंच. कारण गावात कोणीबी वही मागायचं. सरकारी मोजणी हाय का, पाणीपट्टी वाढवणार का, म्हणून पानं उलटून बघायचे. तिथं बाईचं नाव दिसलं असतं तर तिथंच टाळकं फोडलं असतं. म्हंजी एकशे एक्याऐंशी पानांवर माझं नाव इमानदारीनं, आन एकतीस पानांवर भीतीनं.

आबाला ते कळलंच. शिवकन्याचे कपडे शेवाळानं भरलेले बघून कळलं. आबानं तिला काई विचारलं न्हाई. मला देवापुढं उभं केलं आन बिरोबाचा भंडारा उचलायला लावला. "ह्ये तुझ्या तोंडातून कवा निघालं तर सात गावचे हौद बंद हुतेल. मेंढ्या तहानेनं मरतेल. उचल." मी उचलला. तिला उचलायला लावला न्हाई. पोरीच्या शपथेला आमच्यात कोण इचारतं?

दोन हजार एक साली तिची तोंडी परीक्षा. प्रबंध लिहून झाला व्हता, तीनशे पानं. मी दगडाच्या नमुन्यांची पेटी डोक्यावर घेऊन सोबत गेलो. आत तिघं जण. माणिकराव सर, उत्तरेकडून आलेले बाहेरचे परीक्षक, आन तिसरे विभागातलेच एक सर. हे तिसरे म्हंजी हट्ट्याच्या ग्यानबाचा पुतण्या. मला बाहेर बाकड्यावर बसवलं, शिपायानं चहा दिला.

आत काय झालं ते मला नंतर कळलं, पण तुमाला आधीच सांगतो. दोन तास ती समद्यांना पुरून उरली. लाल थराच्या वर पाणी कसं थांबतं, लोक हावरेपणानं खोल जातेत, थर फोडतेत, आन पाणी खालच्या फटीत निघून जातं, समदं नकाशावर दाखवलं. परीक्षक खूश. मंग त्यांनी सहज मूळ वही मागितली. पानं उलटली. विचारलं, हे हनुमान कोण? ती म्हणली, माझा भाऊ. शिक्षण? दहावी नापास. परीक्षकांचं तोंड उतरलं. दोनशे बारा विहिरींचं निरीक्षण दहावी नापास माणसाचं, मंग तुमचं काय? तवा ती शांतपणे म्हणली, "सर, एकतीस विहिरींत मी स्वतः उतरले. पडताळा घेतला. तक्ता शेवटी जोडलाय." परीक्षक म्हणले, पण या एकतीस पानांवर बी नाव भावाचंच हाय. तिनं कारण सांगितलं. माणिकराव सर म्हणले, भाऊ बाहेरच बसलाय, त्यालाच विचारू.

यातलं मला काईच म्हाईत नव्हतं. शिपायानं हाक मारली, मी चपला काढून आत गेलो. थंडगार खोली, मोठं टेबल. मला खुर्ची दिली. जिंदगीत पयल्यांदा एवढ्या मोठ्या माणसांनी मला बसा म्हणलं. परीक्षकांनी हिंदीत विचारलं, कुएँ में कौन उतरता था? मी म्हणलं, मैं उतरता था साहब. लाल थर कैसा होता है? मी असं सांगितलं, असं सांगितलं, की परीक्षक पुढं वाकून ऐकून राहिले. माझी छाती फुगली. खोटं काहून बोलू, फुगली. मंग त्यांनी विचारलं, "आपकी बहन कभी कुएँ में उतरी?"

मी बघितलं तर समोर ग्यानबाचा पुतण्या. त्याच्या चुलत्याची विहीर सातवी, म्हंजी ती उतरली त्यातली पयलीच. भंडारा आठवला, हौद आठवले. मला वाटलं, पकडले गेलो, बहिणीला वाचवाय पायजे. मी छातीवर हात ठेवून ठासून म्हणलो, "नहीं साहब. एक भी कुएँ में नहीं. कभी नहीं."

शिवकन्या उभी राहिली. "दादा!" एवढंच म्हणली. परीक्षकांनी वही मिटली.

प्रबंध माघारी आला. शास्त्र चुकलं म्हणून न्हाई. शेरा व्हता, निरीक्षणाबाबत उमेदवाराचं सांगणं विश्वासार्ह न्हाई. म्हंजी सरळ भाषेत, पोरगी खोटारडी हाय. माणिकराव सरांनी मला वऱ्हांड्यात गाठलं. म्हणले, "हनुमान, तुझ्या बोलण्यात काही चूक झाली असेल तर एक महिन्याच्या आत लिहून दे. मी पुन्हा मांडीन." मी नुसती मान हलवली.

हिंगोलीच्या बसस्टँडवर ती बोलली. तवर बसमधी खिडकीकडं तोंड करून बसली व्हती. "दादा, तू यायच्या आधी मी त्यांना सांगितलं व्हतं, एकतीस विहिरींत मी उतरले. तू मला खोटी पाडलीस." मला रडायलाच आलं. मी म्हणलं, शिवे, मला काय ठाव, मी तर तुला वाचवायला बोललो. ती म्हणली, "ठीक हाय. आता दोन ओळी लिहून दे. मी उतरले व्हते एवढंच लिही. अजून काई बिघडलं न्हाई."

घरी आलो. आबाला सांगितलं. आबा म्हणला, "लिही. आन मंग मेंढ्यांना कुठं पाणी पाजतो ते बी लिही." मी म्हणलं, थोडं थांबू. रोज जेवताना शिवकन्या माझ्या ताटाशेजारी कोरा कागद आन पेन ठेवायची. बोलायची न्हाई. मी जेवायचो, हात धुवायचो, उठायचो. माय बघायची आन तिला घास उतरायचा न्हाई. रुक्माबाई एक दिवस म्हणली, "अहो, लिहा की दोन ओळी, काय हात झडतेत का?" तिच्यावर मी ताट भिरकावलं.

अठराव्या दिवशी विभागातून पत्र आलं. मला वाटलं, तिचंच काई असेल. पत्र माझ्या नावानं व्हतं. भूजलाचा मोठा प्रकल्प मंजूर झाला व्हता, रानात काम करणारा माणूस पायजे व्हता. शिक्षणाची अट शिथिल. का? तर उमेदवारानं दोनशे बारा विहिरींचं निरीक्षण स्वतः केलेलं हाय, तसं परीक्षा समितीच्या कागदावर नोंदलेलं हाय.

समजलं का? तिला खोटी ठरवणारा कागद माझं प्रमाणपत्र झाला व्हता. आता मी दोन ओळी लिहिल्या असत्या तर माझ्याच प्रमाणपत्रावर काट मारली असती. शपथ व्हती, आबा व्हता, मेंढ्या व्हत्या, समदं खरं हाय. पण त्या उरलेल्या बारा दिवसांत माझ्या मनात मेंढ्या नव्हत्या. माझ्या मनात पँट-शर्ट घालून जीपमधी बसलेला हनुमान व्हता. मी शेण खाल्लं. महिना सरला. एकतिसाव्या दिवशी ताटाशेजारी कागद नव्हता.

पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. नरसी नामदेवला परमेश्वर म्हणून माणूस, भला हाय, देवळाच्या रस्त्याला नारळ, अबीर-बुक्का, खेळण्यांचं दुकान. शिवकन्या दुकानात बसती. विहीर घ्यायची, बोअर घ्यायचं म्हणून लोक पाणाड्याला घेऊन येतेत. पाणाडी तळहातावर नारळ उभा ठेवून रानात फिरतो, नारळ हलला की तिथं पाणी. नारळ शिवकन्याच्या दुकानातून घेतेत. पयली दोन-तीन वरसं ती गिऱ्हाइकाला सांगायची, "भाऊ, तिथं लाल थर वर हाय, फोडू नका, आहे ते बी जाईल." एकजण म्हणला, "बाई, नारळ द्या. पाण्याचं आमी बघू." आता सांगत न्हाई. नारळ देती.

मी भेटायला गेलो की चहा करती, पोरीला पाया पडायला लावती. भांडण न्हाई, रुसवा न्हाई. नुसतं म्हणती, "या साहेब. किती विहिरी झाल्या?" चारशे झाल्या, पाचशे झाल्या. मी सांगतो. ती ऐकती आन एखादा प्रश्न असा विचारती की मला दुसऱ्या दिवशी रानात जाऊन पुन्हा बघावं लागतं.

आन माझं काय झालं ऐका. मी विभागातला शहाणा माणूस झालो. नवीन पोरं आली की सर म्हणतेत, आधी हनुमानसोबत फिरा. ती मला जे विचारायची तेच मी पोरांना शिकवतो. नखानं खरवड, भोकं बघ, ओल बघ. एक पोरगा व्हता, चांगल्या घरचा. विहिरीत डोकावला तरी त्याला चक्कर यायची. तो काठावर छत्री घेऊन उभा राहायचा, मी आतून सांगायचो, तो लिहायचा. साठ विहिरी. त्याच्या वहीत निरीक्षक म्हणून त्याचंच नाव. दोन हजार सहाला तो डॉक्टर झाला. तोंडी परीक्षेला मी बाहेर त्याच बाकड्यावर बसलो व्हतो. मला कोणी आत बोलावलं न्हाई. तू उतरला व्हता का, असं त्याला कोणी विचारलं बी न्हाई. पेढा मात्र दिला. मी खाल्ला.

त्याच्या आधीच्या वर्षी आबा गेला. मेंढ्या विकल्या, दावणीला एक शेळी बी उरली न्हाई. ग्यानबा बी गेला, त्याच्या विहिरीत आता कचरा टाकतेत. हौद बंद व्हायची भीती कोणाला? कोणालाच न्हाई. तरीबी मी लिहून दिलं न्हाई. आता इतक्या वर्षानं काय, असं म्हणत राहिलो.

मंग दोन हजार आठ साली विभागाला वरून पत्र आलं. भूशास्त्रात मुली का येत नाहीत, यावर चर्चासत्र घ्या. त्या साली बी वर्गात सोळा पोरं आन दोन पोरी. माणिकराव सर आता विभागप्रमुख झालेले. मला बोलावून म्हणले, "हनुमान, तुझी बहीण आपल्या विभागाची पहिली विद्यार्थिनी. तिला आण. व्यासपीठावर बसवू, चार शब्द बोलेल. झालं गेलं विसरून जाऊ." सरांच्या डोळ्यात खरंच पाणी व्हतं. त्यांच्या मनात ते सलत असेल, मी न्हाई म्हणत न्हाई.

मी नरसीला गेलो. शिवकन्या दुकानात सोललेल्या नारळांची रास लावत व्हती. तिची पोरगी सुकन्या पाटी घेऊन पायरीवर बसलेली. मी निरोप सांगितला. तिचे हात थांबले. सात वर्षांत पयल्यांदा तिच्या तोंडावर ते जुनं काहीतरी दिसलं, वगळीच्या काठावर बसायची तेव्हाचं.

"येते की," म्हणली. "काहून न्हाई येणार? पण दादा, एक कर. मी बोलायच्या आधी तू उठ. आन समद्यांसमोर सांग, ही एकतीस विहिरींत उतरली व्हती, मी तवा खोटं बोललो. एवढंच. मला डॉक्टरकी नको, आता काय करायची. पण माझ्या पोरीनं मला खोटारडी म्हणून ओळखू नये. तिला बी सोबत आणते, ती ऐकेल."

मी चहाचा कप खाली ठेवला. आबा नव्हता, मेंढ्या नव्हत्या, ग्यानबा नव्हता. भंडाऱ्याचं निमित्त बी उरलं नव्हतं. फक्त मी व्हतो आन माझी नोकरी व्हती, आन विभागात लोक मला जे हनुमानभाऊ म्हणतेत ते व्हतं.

मी म्हणलं, "बघू."

ती म्हणली, "तारीख सांगून जा. मी तयार राहते."

मी तारीख सांगितली. पंधरा दिवस राहिले व्हते. त्या दिवशी गाडी पाठवतो म्हणलं. दुसऱ्या दिवशी विभागात गेलो. सर खुर्चीतून अर्धे उठले. "काय म्हणाली शिवकन्या?"

मी म्हणलं, "सर, ती यायला न्हाई म्हणली. संसारात पडली, तिला आता त्यात गोडी न्हाई."

सर खाली बसले. चष्मा काढून पुसला. तिथंच दोन-तीन प्राध्यापक बसले व्हते, त्यांच्याकडं बघून म्हणले, "पाहिलंत? आपण बोलावतो, पण मुलीच येत नाहीत. काय करणार?" समद्यांनी माना हलवल्या. मंग सरांनी माझ्याकडं बघितलं, जसा मी या विषयातला जाणकार हाय. "काय हनुमान, खरं की नाही?"

मी म्हणलं, "व्हय सर."